फ्योर्डकाठची साथसंगत

नॉर्वेतील खेड्यांत चर्चचा ऑर्गन वाजवणारी व्यक्ती परदेशातून आलेली असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. जर्मनी, नेदरलँड्स, पोलंड, हंगेरी आणि बाल्टिक किनाऱ्यावरील देशांत संगीताचे उच्च शिक्षण घेतलेले अनेक वादक फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये दूरवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठी वसलेल्या एखाद्या गावात बिऱ्हाड मांडतात आणि त्यांतील काही जण निवृत्त होईपर्यंत तेथेच राहतात. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशात चर्चच्या इमारती सोळाशेच्या घरात आहेत. चर्चसंगीताचे उच्च शिक्षण मात्र ऑस्लो, स्टावांगर, ट्राँडहाइम आणि ट्रोम्सो अशा मोजक्या शहरांतच मिळते, आणि तेथून शिकून बाहेर पडणाऱ्यांचा ओढा साहजिकच शहरांकडे असल्यामुळे दूरच्या गावांतील जागा भरण्यासाठी बाहेरच्या माणसांची वाट पाहावी लागते. अशा वादकाने परक्या गावात रुजणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर व्हिसा, हवामान आणि पगार यांच्या पलीकडे जाऊन त्याच्या कामाचे स्वरूपच पाहावे लागते. संगीत विद्यालयात तो मैफलीचा कलावंत म्हणून घडलेला असतो. गाव त्याच्याकडून अपेक्षा ठेवते ती साथीदाराची, आणि या भूमिकेत शिरताना तो जे शिकतो तेच त्याला त्या गावचा करून टाकते.

नॉर्वेचे राष्ट्रीय चर्च लूथरपंथीय आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेपासून ते राज्यसंस्थेचाच भाग होते. २०१२ च्या घटनादुरुस्तीने हे नाते सैल झाले आणि १ जानेवारी २०१७ पासून ते स्वतंत्र कायदेशीर संस्था बनले. तरीही स्थानिक पातळीवरचा पैसा अजून सार्वजनिक तिजोरीतूनच येतो. पाळकाची, म्हणजे धर्मोपदेशकाची, नेमणूक आणि पगार राष्ट्रीय चर्चकडे असतो, तर ऑर्गनवादक, चर्चची देखभाल करणारा सेवक आणि कार्यालयातील माणसे यांची नेमणूक ‘फेलेसरोड’ नावाची स्थानिक संयुक्त समिती करते. ही समिती एका कोम्यूनमधील, म्हणजे आपल्याकडील नगरपालिका वा तालुक्याच्या कारभाराशी साधारण जुळणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या हद्दीतील, सगळ्या चर्च-मंडळ्यांसाठी मिळून असते आणि तिचा बहुतेक खर्च कोम्यून उचलते. देशात अशा ३५७ कोम्यून असून त्यांतील कित्येकांची लोकसंख्या दोन-चार हजारांपलीकडे जात नाही. परिणामी गावातील ऑर्गनवादक हा एका अर्थाने स्थानिक सार्वजनिक सेवकच ठरतो; शाळेचे छप्पर, वृद्धाश्रमातील परिचारिका आणि चर्चचे संगीत हे एकाच अंदाजपत्रकाच्या ओढाताणीत बसवलेले असते, आणि ही गोष्ट पुढे त्याच्या नशिबात महत्त्वाची ठरते.

बाहेरून आलेला ऑर्गनवादक ही नॉर्वेच्या इतिहासातही जुनीच व्यक्तिरेखा आहे. योहान दानिएल बर्लिन या संगीतकाराचा जन्म १७१४ मध्ये मेमेल येथे झाला. हे बंदर आज क्लायपेडा या नावाने लिथुएनियात आहे. कोपनहेगनमध्ये शिकून तो १७३७ मध्ये नगरवादक म्हणून ट्राँडहाइमला आला, पुढे तेथील निदारोस कॅथेड्रलचा ऑर्गनवादक झाला आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच शहरात राहिला. १७४४ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेले पुस्तक डॅनिश-नॉर्वेजियन भाषेतील संगीताच्या आरंभीच्या पाठ्यपुस्तकांत मोडते. शिवाय शहराचा पाणीपुरवठा आणि अग्निशमन दल यांची जबाबदारीही त्याने सांभाळली. परक्या शहरात पाय रोवताना वाद्याबरोबर शहराची इतर कामेही अंगावर घ्यावी लागतात, हा त्याचा अनुभव आजच्या वादकांनाही ओळखीचा वाटावा. त्याच्या हाताखाली असलेला ऑर्गन बर्लिन शहरातील योआखिम वाग्नर या कारागिराने १७४० च्या सुमारास बांधला होता. कारागीर, वादक आणि वाद्य या तिन्ही गोष्टी सागरापलीकडून आलेल्या होत्या.

खेड्यांची गोष्ट मात्र निराळी होती. ऑर्गन ही तेथे बरीच उशिरा आलेली वस्तू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य ग्रामीण चर्चमध्ये कोणतेच वाद्य नव्हते. ‘क्लोकर’ नावाचा चर्चसेवक पुढे उभा राहून स्तोत्रगीत उचलत असे आणि मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेला समुदाय, त्याच्या मागून गात असे. हा क्लोकर बहुधा गावचा शाळामास्तरही असे. गोव्यातही पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलेखन शिकवणारा शिक्षकच चर्चमधील गायन-वादन सांभाळत असे, ही समांतर परंपरा येथे सहज आठवते. वाद्याविना चाललेले नॉर्वेतील हे गायन अतिशय संथ असे, प्रत्येक जण आपापल्या परीने स्वर लांबवी आणि वळवी, आणि छापील पुस्तकात एकच असलेली चाल प्रत्येक खोऱ्यात निराळे रूप घेई. नागर कानांना हे बेसूर वाटू लागले, तेव्हा सुधारणेची चळवळ उभी राहिली. लार्स रोवेरूद या संगीतशिक्षकाने गावोगाव फिरून ‘साल्मोदिकॉन’ या वाद्याचा प्रसार केला. लाकडी पेटीवर ताणलेली एकच तार आणि ती वाजवायला गज एवढाच या वाद्याचा पसारा असल्याने ते गरीब शाळेलाही परवडत असे, आणि स्वर अंकांनी लिहिलेले असल्याने स्वरलेखन न शिकलेल्यालाही त्यावर चाल काढता येई.

पुढे दोन गोष्टींनी चित्र पालटले. १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये त्या त्या धर्मग्रामातील, म्हणजे चर्चच्या हद्दीतील, निदान तीन दशांश लोक मावले पाहिजेत असे बंधन आले, त्यामुळे शेकडो लहान जुनी चर्चे पाडली वा मोठी केली गेली आणि त्यांच्या जागी पांढऱ्या रंगाची, उंच, मागच्या बाजूस सज्जा असलेली लाकडी चर्चे उभी राहिली. खांबांवर उभारलेल्या मध्ययुगीन काष्ठचर्चांपैकी आज केवळ २८ शिल्लक आहेत, त्याला हा कायदाही बराचसा जबाबदार आहे. बोर्गुंदसारख्या ठिकाणी जुने चर्च सुदैवाने वाचले आणि नवे १८६८ मध्ये त्याच्या शेजारी बांधले गेले. दुसरी गोष्ट म्हणजे लुडविग मथियास लिंडेमान यांचे कार्य. १८३९ पासून १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते राजधानीतील मुख्य चर्चचे ऑर्गनवादक होते. १८४८ मध्ये वाल्द्रेस खोऱ्यात जाऊन त्यांनी लोकगीतांच्या चाली टिपण्यास आरंभ केला, हजारोंच्या संख्येने चाली गोळा केल्या, आणि १८७० च्या दशकात त्यांचे कोरालपुस्तक, म्हणजे स्तोत्रगीतांच्या चालींचा वाद्यासाठी बांधलेला संग्रह, अधिकृत झाले. १८८३ मध्ये मुलगा पेटर याच्यासह त्यांनी ऑर्गनवादकांसाठी शाळा काढली. तीच वाढत जाऊन १९७३ मध्ये नॉर्वेची राष्ट्रीय संगीत अकादमी झाली. एडवर्ड ग्रीग या थोर संगीतकाराने १९०६ मध्ये रचलेली चार स्तोत्रगीते ही त्याची अखेरची कृती, आणि तिच्यातील चाली लिंडेमान यांच्याच संग्रहातून घेतलेल्या आहेत.

हा इतिहास आजच्या परदेशी वादकाला पाठांतरासाठी उपयोगी नाही, त्याच्या रोजच्या कामात तो जिवंत आहे. गावाने ज्या चाली ऑर्गनच्या आधी आपल्या घशात घडवल्या, त्या ऑर्गन आल्यावरही पुरत्या पुसल्या गेल्या नाहीत. २०१३ मध्ये वापरात आलेल्या स्तोत्रसंग्रहात ८९९ गीते असून त्यांत अनेक लोकचालींना मानाचे स्थान मिळाले आहे. पण छापील चाल आणि त्या गावात गायली जाणारी चाल यांत एखाद्या ओळीपुरता, एखाद्या हेलकाव्यापुरता फरक राहतोच. पुस्तकात लिहिले आहे तसेच अचूक वाजवणारा नवा वादक अशा जागी मंडळीच्या विरुद्ध दिशेला जातो, आणि मंडळी त्याला काही सांगत नाही. ती फक्त गाण्याचा आवाज कमी करते. नॉर्वेच्या ग्रामीण माणसाची नापसंती बहुधा अशीच मूक असते. त्यामुळे पाठीमागच्या सज्जातून समोरच्या बाकांवरचा आवाज ओसरलेला ओळखणे, आणि पुढच्या कडव्यात आपली चाल बदलून घेणे, हे त्याचे पहिले खरे शिक्षण ठरते.

साथीचे हे काम तपशिलाने पाहण्यासारखे आहे. ऑर्गन सहसा प्रवेशद्वाराच्या वरच्या सज्जात असतो, म्हणजे वादकाची पाठ वेदीकडे आणि मंडळी त्याच्या खाली. पाळक कधी उभा राहिला, कधी वळला हे तो वाद्यावर लावलेल्या लहान आरशातून पाहतो. चर्च तीनशे माणसांसाठी बांधलेले, जमलेले असतात वीस, तेही बहुतेक वयस्क आणि मागच्या बाकांवर विखुरलेले. गीताचा क्रमांक भिंतीवरच्या फळ्यावर लावलेला असतो. वादक आधी छोटी प्रस्तावना वाजवतो. तिच्यातून चाल, स्वरपट्टी आणि लय या तिन्ही गोष्टी मंडळीला कळाव्या लागतात, आणि पहिला शब्द कधी उचलायचा हेही शंकेला जागा न ठेवता समजावे लागते. त्यानंतर प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाला किती वेळ द्यायचा हा प्रश्न येतो. ऐंशी वर्षांच्या गायिकेचा श्वास आणि दृढीकरणाच्या वर्गातील, म्हणजे बाप्तिस्म्याची प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने मान्य करण्याची तयारी करणाऱ्या, चौदा वर्षांच्या मुलाचा श्वास सारखा नसतो. वेळ कमी दिला तर म्हातारी माणसे ओळीचा पहिला शब्द गिळतात. जास्त दिला तर गीत विस्कटते. त्यातच आवाज किती ठेवायचा हा विवेक आहे: वीस क्षीण आवाजांवर पूर्ण ऑर्गन सोडला तर माणसे गाणे थांबवून ऐकत बसतात, आणि फारच हळू वाजवला तर आपला एकट्याचा आवाज उघडा पडेल या संकोचाने गप्प होतात. गवयाच्या मागे बसून त्याला पुढे नेणारा जाणता पेटीवादक ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे कौशल्य कोणत्या जातीचे आहे ते वेगळे सांगायला नको.

मराठी वाचकाला ‘ऑर्गन’ हा शब्द संगीत नाटकामुळे चांगला परिचयाचा आहे. रंगभूमीवर गाजलेला तो ऑर्गन पायांनी भाता चालवून धातूच्या पात्यांमधून स्वर काढणारा होता. त्याच कुळातले वाद्य नॉर्वेच्या खेड्यांतही शाळा, घरे आणि ‘बेडेहूस’ नावाची साधी प्रार्थनागृहे येथे फार पसरले होते आणि काही ठिकाणी आजही ते सुस्थितीत सापडते. चर्चमधील ऑर्गन मात्र नळांचा असतो. विजेच्या पंख्याने दाब दिलेली हवा लाकडी पेट्यांत साठते, पट्टी दाबली की त्या स्वराच्या नळाखालची झडप उघडते आणि बासरीप्रमाणे नळ वाजतो; वेगवेगळ्या जातींच्या नळांचे संच खुंट्या ओढून चालू-बंद करता येतात, हातांसाठी पट्ट्यांच्या एक किंवा दोन रांगा असतात आणि खर्जासाठी पायांनी दाबायच्या लाकडी पट्ट्या असतात. कॅथेड्रलमध्ये हजारो नळांचे वाद्य असते, तर खेड्यात सहा ते पंधरा संचांचे छोटे वाद्य हीच सर्वसाधारण स्थिती. फिनमार्क या अतिउत्तरेच्या प्रांतात १९४४ च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गावेच्या गावे जाळली. तेथील होनिंग्सवोग या गावात शाबूत उरलेली एकमेव इमारत चर्चची होती, आणि परतलेल्या लोकांनी आधी तिचाच आसरा घेतला. या जाळपोळीमुळे त्या भागातील बहुतेक चर्चे आणि त्यांतील वाद्येही युद्धानंतरच्या काळातील आहेत.

या वाद्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हिवाळा. गावातील लाकडी चर्च आठवडाभर तापवून ठेवणे कोणालाच परवडत नाही. तेथे तापमान पाच-सहा अंशांवर ठेवलेले असते आणि उपासनेच्या आधी काही तास बाकांखाली बसवलेल्या विजेच्या नळ्या चालू केल्या जातात. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की हवेतील ध्वनीचा वेग वाढतो आणि नळाचा स्वर सुमारे तीन सेंटने चढतो. सेंट म्हणजे एका अर्धस्वराचा शंभरावा भाग. सहा अंशांवरून वीस अंशांपर्यंत जाताना बासरीच्या जातीचे सगळे नळ चाळीसच्या वर सेंट, म्हणजे जवळजवळ पाव स्वर चढतात. तुतारीच्या जातीचे नळ मात्र धातूच्या पात्यावर वाजत असल्याने तेवढे चढत नाहीत आणि आपल्या जागी मागे राहतात, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजवले की कान किटतात. म्हणून जाणता वादक जानेवारीत त्या खुंटीला हातच लावत नाही, किंवा चर्च पुरते तापल्यावर नळांच्या मागे जाऊन एकेका पात्याची तार हलकेच ठोकून ती जुळवून घेतो. कोरडेपणाची अडचण याहून कठीण. थंड हवेत बाष्प मुळात कमी असते आणि ती तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता आणखी घसरते. लाकूड आकसते, हवेच्या पेटीला बारीक चीर जाते, आणि न दाबलेला एखादा स्वर उपदेश चालू असताना आपोआप वाजू लागतो. दुरुस्ती करणारा कारागीर शेकडो किलोमीटर लांब असतो आणि वर्षातून एखाद्या वेळीच येतो, त्यामुळे झडप मोकळी करणे, तुटलेली तार जोडणे, कागदाची पट्टी चिकटवून गळती थांबवणे हे वादकाला स्वतःच शिकावे लागते. सराव मात्र तापवलेल्या चर्चमध्ये मिळेल याची शाश्वती नसते. बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे आणि बाकाजवळचा छोटा हीटर हा खेड्यातील वादकाचा नेहमीचा सरंजाम आहे.

रविवारची उपासना हा या कामाचा दिसणारा भाग असला, तरी गावाशी गाठ पडते ती अंत्यविधींमध्ये. चर्चला नियमित जाणाऱ्यांची संख्या घटत असताना आणि सदस्यसंख्या लोकसंख्येच्या दोन तृतीयांशांच्याही खाली आलेली असताना, बहुसंख्य नॉर्वेजियन माणसांना शेवटचा निरोप आजही चर्चमध्येच दिला जातो. कायद्यानुसार मृत्यूपासून दहा कामाच्या दिवसांत दफन वा दहन व्हावे लागते, त्यामुळे अंत्यविधी आठवड्याच्या मधल्या दिवशी, थोड्या पूर्वसूचनेवर ठरतो आणि वादकाला आपले इतर सगळे बेत त्याभोवती फिरवावे लागतात. कुटुंब पाळकाबरोबर बसून तीन-चार गीते निवडते. मृताला आवडणारे एखादे लौकिक गाणे ऑर्गनवर वाजवावे, किंवा नातीच्या गाण्याला साथ करावी, अशी विनंती येते आणि तिचे स्वरलेखन कित्येकदा मिळतच नाही, ऐकूनच बसवावे लागते. मोठ्या संगीत स्पर्धांसाठी तयार झालेल्या वादकाला आरंभी हे काम आपल्या योग्यतेखालचे वाटण्याची शक्यता असते. पण रविवारी अर्धे रिकामे असलेले चर्च त्या दिवशी भरलेले असते, शेजारी, जुने सहकारी, मासेमारीच्या होडीवरचे सोबती सगळे आलेले असतात, आणि ज्या गीताला सणाच्या दिवशी आवाज चढतो तेच गीत शवपेटीसमोर गाताना तो मध्येच तुटतो. ‘डाइली एर यूरेन’ हे डॅनिश कवी इंगेमान यांचे १८५० मधील गीत नॉर्वेत नाताळच्या आदल्या दिवशीच्या उपासनेच्या शेवटीही गातात आणि अंत्यविधीतही गातात. त्या दोन प्रसंगी ते एकाच लयीत वाजवून चालत नाही, हे पुस्तक सांगत नाही. अंत्यविधीत मंडळीचा गळा दाटला तर वादकाने गीताचा भार स्वतःवर घेऊन ओळ पुढे न्यायची असते, चाल वरच्या आवाजात स्पष्ट ठेवायची असते आणि तरीही घाई करायची नसते. विधीनंतर बेडेहूसमध्ये किंवा गावच्या सभागृहात कॉफी, उघडी सँडविचेस आणि केक यांवर मृताच्या आठवणी सांगितल्या जातात. तेथे वादकालाही बोलावणे असते आणि ते स्वीकारण्यात शहाणपण आहे. एका वर्षात गावातल्या कित्येक घरांच्या दुःखात ज्याने असे उभे राहून साथ केली, त्याला ते गाव परका मानत नाही. डॉक्टर, शिक्षक वा कारखान्यातला तंत्रज्ञ यांना ज्यासाठी दहा वर्षे लागतात ते त्याला दोन-तीन वर्षांत मिळते, हे या व्यवसायाचे वेगळेपण म्हणावे लागेल.

त्याची अट एकच, आणि ती कठोर आहे: भाषा. मुलाखत कदाचित इंग्रजीत निभावते, सुरुवातीच्या महिन्यांत सगळे जण समजुतीने इंग्रजी बोलतात, पण नवऱ्याच्या दफनासाठी गीत निवडणाऱ्या वृद्धेशी इंग्रजीत बोलणे कोणालाच शोभत नाही. नॉर्वेजियन भाषेला बोकमोल आणि नूनोर्स्क अशी दोन अधिकृत लेखनरूपे आहेत. परदेशातील वर्गांत प्रायः पहिले शिकवले जाते, तर पश्चिमेकडील फ्योर्डांच्या पट्ट्यातील अनेक कोम्यून आणि मंडळ्या दुसरे वापरतात. एलियास ब्लिक्स यांची नूनोर्स्कमधील स्तोत्रगीते १८९२ पासून अधिकृतपणे चर्चमध्ये गायली जात आहेत आणि त्या भागातील लोकांना ती अंतःकरणापासून प्रिय आहेत. प्रत्यक्ष बोलणे तर दोन्हींहून निराळ्या स्थानिक बोलीतच चालते, आणि प्रमाणभाषेत बोलणे म्हणजे सुसंस्कृतपणा अशी समजूत तेथे नसल्याने नवागतासाठी कोणी आपली बोली सहसा सोडत नाही. उत्तरेत काही मंडळ्यांमध्ये सामी या मूळनिवासी लोकांच्या भाषेतील गीतेही येतात. स्तोत्रगीते मात्र या बाबतीत वादकाची मोठीच मदत करतात: दर आठवड्याला चार-पाच गीतांचे शब्द समजून घेतल्याशिवाय श्वासाच्या जागा कळत नाहीत, म्हणून तो ते घोकतो, आणि बाजारहाटाची भाषा येण्याआधीच त्याला शोक, आशा आणि कृतज्ञता यांची भाषा येऊ लागते.

एका वादकाकडे एकच चर्च असणे ग्रामीण भागात विरळ. तीन, चार, कधी पाच चर्चमध्ये आळीपाळीने उपासना होते आणि त्यांच्यामध्ये घाट, बोगदे आणि फेरीबोटी असतात. मोटार चालवता येणे ही म्हणून जाहिरातीतील नित्याची अट असते. बर्फात पकड देणारे खिळ्यांचे टायर, वादळात खिंड ओलांडताना बर्फ हटवणाऱ्या वाहनाच्या मागून रांगेने जावे लागणे, आणि खिंड बंद झाल्यास शेजारच्या चर्चमधील उपासना हुकणे, हे सगळे कामाचेच भाग आहेत. नाताळच्या आदल्या दिवशी तर दुपारपासून एकामागून एक उपासना असतात, सायंकाळी पाच वाजता घंटा वाजवून सणाचे आगमन जाहीर होते आणि वादक शेवटच्या चर्चमधून घरी पोहोचतो तेव्हा इतरांची जेवणे उरकत आलेली असतात. मे महिन्यात दृढीकरण आणि १७ तारखेचा राष्ट्रीय दिन, उन्हाळ्यात शहरांतून गावी परतून लग्न करणारी जोडपी, नोव्हेंबरच्या आरंभी वर्षभरातील मृतांची नावे वाचून मेणबत्त्या लावण्याची उपासना, असे वर्ष फिरत राहते. ट्रोम्सोच्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. दक्षिणेकडून आलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात हा काळोख जड जातो, आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांना भेटायला लावणारे काम हाती असणे हाच त्यावरचा उत्तम उतारा ठरतो.

अशा भेटी घडवणारे आणखी एक स्थान म्हणजे ‘कुल्तूरस्कूले’, अर्थात मुलांना शाळेबाहेर संगीत, नृत्य, चित्रकला शिकवणारी कोम्यूनची संस्था. १९९७ पासून अशी संस्था चालवणे प्रत्येक कोम्यूनला कायद्याने बंधनकारक आहे. ऑर्गनवादकाचे पद खेड्यात क्वचितच पूर्णवेळ असते. नॉर्वेत पदे टक्क्यांत मोजली जातात, आणि साठ टक्के चर्च व चाळीस टक्के कुल्तूरस्कूले अशी जोडणी करून एका माणसाचा संसार चालेल एवढा पगार बसवला जातो. वादक मग आठवड्यातून दोन दिवस गावातील मुलांना पियानो शिकवतो, सायंकाळी मोठ्यांच्या मिश्र गायनवृंदाचे नेतृत्व करतो, आणि उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत होणाऱ्या कॉफीच्या वेळी त्याच मुलांच्या आजीआजोबांशी बोलतो. गायनवृंदात स्वरलेखन वाचता येणारे चार आणि न येणारे सोळा असतात. त्यांच्याकडून कठीण रचना बसवून घेण्याच्या हट्टाने अनेक हुशार वादकांनी सुरुवातीलाच माणसे गमावली आहेत. त्याऐवजी त्या खोऱ्यातलीच एखादी जुनी चाल घेऊन तिला सोपे तीन आवाज बांधून देणारा वादक टिकतो, आणि ही तडजोड हलकी नाही, कारण लिंडेमान यांनीही आयुष्यभर तेच केले.

अडचणींची बाजू कमी लेखणे अप्रामाणिकपणाचे होईल. टक्केवारीचे पद कोम्यूनच्या अंदाजपत्रकावर झुलत असते, आणि लोकसंख्या घटणाऱ्या गावात साठाचे पन्नास व पन्नासाचे चाळीस व्हायला एका बैठकीपुरताच वेळ लागतो. जोडीदाराला त्याच गावात त्याच्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळाली नाही तर उत्तम जुळलेला वादकही दोन वर्षांत शहराकडे निघून जातो. गावाला हे कळते, म्हणून काही ठिकाणी नेमणूक करणारी समितीच घर शोधून देते आणि जोडीदारासाठी शाळेत वा आरोग्यकेंद्रात चौकशी करते. समव्यवसायी माणूस जवळपास नसणे ही आणखी एक झीज. संगीतावर बोलायला, आपली चूक दाखवायला कोणी नसले की हात हळूहळू सैल पडतात, आणि म्हणून धर्मप्रांताने भरवलेली शिबिरे व संगीतकारांची ‘क्रेओ’ ही कामगार संघटना यांच्याशी संबंध ठेवणे चैनीचे न मानता गरजेचे मानले पाहिजे. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील नागरिकाला नॉर्वेत नोकरी धरण्यास मोकळीक आहे. त्याबाहेरून, उदाहरणार्थ भारतातून, येणाऱ्याला कुशल कामगाराचा निवासपरवाना लागतो, तो पदाच्या टक्केवारीशी आणि पगाराशी बांधलेला असतो, आणि मोटार चालवण्याचा परवानाही बहुधा नव्याने परीक्षा देऊन मिळवावा लागतो. त्यामुळे करारावर सही करण्यापूर्वी चर्चची संख्या किती, त्यांमधील प्रवासाचा वेळ कामाच्या तासांत धरला जातो का, सरावासाठी एखादे चर्च हिवाळ्यात तापवले जाते का, भाषावर्गाचा खर्च व वेळ कोण देतो, आणि कुल्तूरस्कूलेचा वाटा कायम आहे की वर्षावर्षाने नव्याने ठरतो, हे प्रश्न लेखी विचारून घेतलेले बरे; चांगली समिती त्यांची उत्तरे आनंदाने देते, कारण गेल्या वेळी ती न दिल्यामुळे आपण वादक कसा गमावला हे तिच्या बहुतेक सदस्यांना ठाऊक असते.